लेन्सचं वर्तुळ दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण ‘फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचाय, हातातल्या लेन्स चालतील का?’ असं विचारणारे माझ्याभोवती बरेच आहेत आणि तुम्ही मला दिलेलं उत्तर त्यांच्याही कामाचं आहे. म्हणून हे आभार चारचौघांत.

‘अमुक लेन्स घे’ एवढं सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी तुम्ही मला आलेखाचा कागद आणि कंपास घेऊन बसवलंत. ४३ मिमी व्यासाचं वर्तुळ म्हणजे लेन्सने पाडलेली प्रतिमा, त्यात ३६ बाय २४ चा आयत म्हणजे कॅमेऱ्याचा सेन्सर. चारही कोपरे वर्तुळाला जेमतेम टेकले. हा झाला फुलफ्रेम. शेजारी २८ मिमीचं वर्तुळ आणि त्यात साधारण २४ बाय १६ चा, म्हणजे एपीएस-सी, ज्याला सगळे क्रॉप म्हणतात. मग म्हणालात, ‘आता मोठा आयत छोट्या वर्तुळावर काढ.’ दोन्ही बाजूंना ४-४ मिमी कागद वर्तुळाबाहेर राहिला, कोपरे तर पार उघडे. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स फुलफ्रेमवर लावली की कडा काळ्या का पडतात, हे त्यानंतर कुणाला विचारावं लागलं नाही. मोठ्या वर्तुळात छोटा आयत मात्र ऐसपैस बसतो.

फुलफ्रेम बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) हुशार असेल तर अशी लेन्स ओळखून आपणहून मधलाच भाग वापरते. पण तेव्हा २४ मेगापिक्सेलमधले हाती राहतात जेमतेम १० ते ११, हा हिशेबही तुम्हीच करून दाखवलात. जाहिरातीत तो सापडत नाही.

‘क्रॉपवर ५० मिमीची लेन्स ७५ ची होते’ हे वाक्य तुमच्यासमोर उच्चारायची सोय नाही! फोटोच्या कडा कात्रीने कापल्या म्हणून चेहरा जवळ येतो का, असं तुम्ही विचारलंत. ५० मिमी ही ५० मिमीच राहते, फक्त दिसणारी चौकट अरुंद होते, दीडपट लांब लेन्ससारखी. उजेडाचंही तेच. एफ २.८ ला (लेन्सचं छिद्र किती उघडं, त्याचा हा आकडा) एक्स्पोजर दोन्हीकडे सारखंच. पण तेवढ्याच अंतरावरून तीच चौकट धरली, तर क्रॉपवरच्या एफ २.८ ला मागचं जेवढं धूसर होतं, तेवढं फुलफ्रेमवर साधारण एफ ४ ला होतं. १.५ ने गुणायचं तर मिमीचा आणि एफचा असे दोन्ही आकडे गुणा, हे तुमचं म्हणणं मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटतं.

माउंटचं, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या कड्याचं प्रकरण तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. निकॉनच्या एफ माउंटपासून सेन्सर ४६.५ मिमीवर, आरसा नसलेल्या झेडमध्ये १६ वर, मधले ३०.५ मिमी अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. उलट दिशेने, झेडची लेन्स एफवर लावायला, जागाच उरत नाही. कॅननच्या क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम डीएसएलआरवर चढतच नाहीत, कारण त्यांचा मागचा भाग आत शिरतो आणि तिथे आरसा हलत असतो.

एका बाबतीत तुम्ही हटून बसलात ते बरं झालं. क्रॉप बॉडीवर वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स हवी असेल तर पुढेमागे फुलफ्रेम घेऊ या आशेवर १६ मिमीची वजनदार लेन्स घेऊ नको, ती इथे २४ एवढंच दाखवेल. सरळ क्रॉपसाठीची १० पासूनची घे, असं म्हणालात. घेतली. खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहिलं की अख्खी खोली येते.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र आपलं जमायचं नाही. ३०० मिमीने पडलेली पक्ष्याची प्रतिमा दोन्ही सेन्सरवर तेवढ्याच मिलिमीटरची असते, हे तुमचं म्हणणं मान्य. पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवर पिक्सेल ४ मायक्रॉनच्या आसपास, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर ६. म्हणजे क्रॉपवर त्याच पक्ष्याच्या वाट्याला सव्वादोनपट पिक्सेल येतात. जुन्या लेन्सचं पितळ तिथेच उघडं पडतं, हेही तुमचंच म्हणणं आणि ते खरंच आहे. तरीही फुलफ्रेम आला म्हणून क्रॉप बॉडी विकायचा माझा विचार नाही. भांडायला कधीही फोन करा.

मनापासून आभार.

तुमचा,
कंपास घेऊन बसवलेला विद्यार्थी