लॉजची तपासणी रात्री बाराला करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला की बेळगावातली लॉजं भरतात. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा. पेशंटसोबत आलेले चंदगड-खानापूरकडचे नातेवाईक तर बारमाही. मी शहापूरचा निवृत्त वायरमन. लॉजची वायरिंग पुष्कळ केली, म्हणून लिहितो.

तपासणीवाले दिवसा येतात, भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल सिलिंडरची तारीख बघतात आणि चहा पिऊन जातात. खरी गोम रात्री अकरानंतर कळते. खालच्या सरकत्या जाळीला कुलूप, किल्ली पोऱ्याच्या उशाखाली, आणि पोऱ्या कुठे निजलाय ते कुणाला ठाऊक नाही. मागचा जिना असतो, पण त्यावर फाटक्या गाद्या रचलेल्या. त्यातला फोम पेटला तर जिना धुरानं भरायला कितीसा वेळ? माणूस भाजण्याआधी घुसमटून जातो. कोलकात्यात २९ एप्रिल २०२५ ला ऋतुराज हॉटेलात १४ जण गेले, बहुतेक गुदमरूनच. तिथे खिडक्यासुद्धा विटांनी बुजवलेल्या होत्या. आपल्याकडे चोरांच्या भीतीनं पक्कं ग्रिल ठोकतात, फरक तो काय?

वायरिंगचं तर विचारू नका. दिवे-पंख्यांसाठी ओढलेल्या वायरीवर मागाहून गिझर आणि एसी चढतो. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका, सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवतात, वायर मात्र जुनीच. मग एमसीबी पडत नाही, वायर तापत राहते. मालकाला सांगावं तर, "आजवर काय झालंय काय ओ?"

गिऱ्हाइकानंही भाडं विचारतो तसा दुसरा जिना विचारावा आणि एकदा उतरून बघावा. आपल्या खोलीपासून तिथवर किती दारं लागतात ती मोजावीत. धुरात पाटी दिसत नाही, भिंत चाचपत, वाकून जावं लागतं. आगीत लिफ्टमध्ये शिरू नये. दाराला आधी हाताची मागची बाजू लावावी. तापलं असेल तर उघडू नये. फटीत ओला टॉवेल कोंबून, खिडकीशी उभं राहून ११२ ला खोलीचा नंबर कळवावा.

अधिवेशनासाठी प्रशासन खोल्या राखून ठेवतंच. त्याआधी अग्निशमन दल आणि महापालिकेनं एका रात्री बारा वाजता, न कळवता फेरी मारावी. जाळी आतून किल्लीशिवाय उघडते का आणि मागचा जिना मोकळा आहे का, एवढंच बघावं. नसेल तर त्या लॉजला यात्रेआधी टाळं लावावं.

आपला,
एक निवृत्त वायरमन
शहापूर, बेळगाव