चि. ऋता हिस

सोलापूर, १६ जानेवारी

चि. ऋता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये चढलीस आणि एकदाही मागे वळून पाहिले नाहीस. घरी आल्यावर पाहते तो कडक भाकरींचे पुडके आणि शेंगाचटणीची बरणी ओट्यावर तशीच राहिलेली. ‘जग काही तुझ्यावाचून अडत नाही’ हे मी बोलायला नको होते. त्या रुग्णाच्या पेशी पुरेशा वाढल्या नाहीत हा निरोप नेमका संक्रांतीला यावा आणि तू भरल्या ताटावरून उठावेस, याचे मला वाईट वाटले होते. ते रागाच्या रूपाने बाहेर पडले.

या पत्रात तुझ्या झोपेविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे मी बाबांना कबूल केले आहे. तुझे काम मला थोडेफार समजते, एवढेच सांगायचे आहे. रुग्णाच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हातून त्यांच्यात नवे जनुक पोहोचवायचे, कर्करोगाच्या पेशीवरची सीडी-१९ ही खूण त्यांना ओळखता येईल असे करायचे आणि त्या वाढवून त्याच रुग्णाच्या अंगात सोडायच्या, हे तू दिवाळीत सांगितलेस तेव्हा मला आजोबांचा जेकार्ड, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरच्या भोकांप्रमाणे मागावर नक्षी उमटवणारा, आठवला. पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर एक भोक चुकले की प्रत्येक चादरीवरच्या मोराची मान त्याच ठिकाणी तुटायची, आणि आजोबा एकेक पट्टी दिव्यासमोर धरून ते भोक सापडेपर्यंत पाठ टेकत नसत. तो स्वभाव तुझ्यात उतरला आहे. पण सूतच कमकुवत निघाले तर ते विणणाऱ्याला दोष देत नसत. आधीच्या केमोथेरपीने थकलेल्या पेशी कधीकधी वाढत नाहीत, हे तूच मला सांगितले होतेस ना? मग खारघरच्या प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत तीन रात्री जागून तू स्वतःला कशाची शिक्षा देत होतीस?

वर्गात मी डॉक्टर कोटणीसांचा धडा अभिमानाने सांगत असे. आपल्या सोलापूरचा मुलगा १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४० च्या एका लढाईत त्याने ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, हे सांगताना माझा आवाज भरून यायचा आणि मुले टाळ्या वाजवायची. १९४२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते, हे मी शेवटच्या ओळीत घाईने उरकत असे. परवा स्टेशनवरून परतताना भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून रिक्षा गेली आणि मला त्यांच्या आईची आठवण झाली. येत्या श्रावणात तुला ३१ पूर्ण होतील.

पाहा, लिहायचे नव्हते तेच लिहिले. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत उंच, जड नंदीध्वज पेलणारासुद्धा थोडे चालून तो दुसऱ्याच्या हाती देतो; तुमच्याकडे रात्रीच्या पाळ्या वाटून घेता येत नाहीत का? हा उपदेश झाला. क्षमा कर.

एमिली व्हाइटहेडची गोष्ट मी बाबांना दोनदा वाचून दाखवली. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात रक्ताचा कर्करोग झालेल्या त्या चिमुरडीला अशाच पेशी दिल्या आणि तिचा ताप एवढा चढला की ती हाती लागेल अशी आशा उरली नव्हती. तेव्हा डॉक्टर कार्ल जून यांना संधिवाताचे एक औषध सुचले, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. मुलीच्या दुखण्यापायी ठाऊक झालेले औषध दुसऱ्याच्या लेकराला वाचवून गेले. आईबापांची काळजी अगदीच वाया जात नाही, ऋता.

अमेरिकेत २०१७ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या लोकांनी आपल्या देशात तो घडवला, २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि तिथल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो येथे मिळू लागला, ही बातमी मी कात्रण काढून देवघरातल्या फळीवर ठेवली आहे. तरीही आपल्या गल्लीतल्या यंत्रमाग कामगाराला तेवढे पैसे आयुष्यात दिसणार नाहीत. तुम्ही ती किंमत आणखी खाली आणण्यासाठी झटता आहात, हे मी शेजारच्या काकूंना सांगते तेव्हा त्या माझ्याकडे पाहतच राहतात. रमेशमामांच्या वेळी यातले काहीच नव्हते.

शनिवारी नितीन पनवेलला येणार आहे. त्याच्याबरोबर भाकरी, चटणी आणि तुझी राहिलेली शाल पाठवते. बाबांनी चटणीत लसूण जास्त घालायला लावला आहे. माझ्यावर राग असेल तर फोन करू नकोस, मी समजेन. फक्त आज रात्री किती वाजता झोपलीस तेवढे बाबांच्या मोबाइलवर कळव.

तुझी,
आई