पाचव्या सेमची मार्कशीट, आणि बाकी सगळं

प्रिय आई आणि बाबा,

नमस्कार. परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं आणि बाबा, तुमचा आवाज जरा उतरलेला वाटला, म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवते. फोनवर आपण तिघं एकदम बोलतो आणि मुद्दा राहून जातो, हे आईला पण सावकाश वाचता येईल.

"चौदा वर्षं नोकरी केलेल्या माणसाची परत परीक्षा कसली घेतात?" असं तुम्ही विचारलंत. बाबा, मला पण सुरुवातीला हेच वाटलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं. पण ती परीक्षा नाहीये, म्हणजे पेपर वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियात इंजिनिअर म्हणून स्किल्ड व्हिसा मागायचा तर त्याआधी तिथली इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया नावाची संस्था आपली डिग्री आणि आपण केलेलं काम तपासते, आणि त्यांच्या मापाने आपण कुठल्या वर्गात बसतो ते लिहून देते. प्रोफेशनल इंजिनिअर, टेक्नॉलॉजिस्ट, असोसिएट असे वर्ग आहेत, मला इलेक्ट्रिकल इंजिनिअर या कामासाठी प्रोफेशनल इंजिनिअर म्हणून हवंय. त्या कामाचा कोड २३३३११, हा आकडा मी गेले काही महिने इतक्या वेळा टाईप केलाय की झोपेतही सांगेन.

आता तुम्ही म्हणाल डिग्री आहे ना, मग ती दाखव की. त्याचं असं आहे, वॉशिंग्टन अकॉर्ड म्हणून १९८९ चा एक करार आहे, त्यातले देश एकमेकांच्या इंजिनिअरिंगच्या डिग्र्या बरोबरीच्या मानतात. भारत त्यात पूर्ण सदस्य झाला २०१४ मध्ये, आणि तेही सरसकट नाही, एनबीए, म्हणजे कोर्सेस तपासणारी आपली राष्ट्रीय संस्था, तिची टायर वन दर्जाची मान्यता असलेल्या कोर्सेसनाच आणि मान्यता मिळाल्यानंतर पास झालेल्यांनाच ते लागू. मी पास झाले २०११ ला. म्हणजे माझ्या शिक्षणात काही कमी नाही, तुम्ही कर्ज काढून शिकवलंत ते काही वाया गेलेलं नाही, हे आधी मनातून काढून टाका प्लीज. फक्त माझ्यासारख्यांना लांबचा रस्ता आहे, त्याला सीडीआर म्हणतात, कॉम्पिटन्सी डेमॉन्स्ट्रेशन रिपोर्ट, म्हणजे आपल्याला काम येतं हे लिहून दाखवायचं.

त्यात तीन निबंध लिहायचे, त्यांना करिअर एपिसोड म्हणतात, प्रत्येक हजार ते अडीच हजार शब्दांचा. प्रत्येकात आपण केलेलं एकेक काम. प्रत्येक परिच्छेदाला नंबर द्यायचा, आणि शेवटी एक तक्ता भरायचा ज्यात त्यांनी सांगितलेल्या सोळा गोष्टी आपल्या लिखाणात नक्की कुठल्या नंबरच्या परिच्छेदात दिसतात ते दाखवायचं. सीव्ही आणि नोकरीत असताना काय काय नवीन शिकलो त्याची यादी वेगळी. इंग्रजीची टेस्ट पण लागते, आयएलटीएसला चारही भागांत किमान सहा, ती मी मार्चमध्येच देऊन टाकली. तेव्हा मी आईला म्हणाले होते ना की ऑफिसचं ट्रेनिंग आहे, ते ट्रेनिंग नव्हतं आई. खोटं बोलले, सॉरी.

खरी अडचण निबंधांची झाली. पहिला मी दोन रविवार बसून लिहिला, माझी एक जुनी कलीग याच रस्त्याने आधी गेलीये तिला वाचायला दिला, आणि तिने सगळीकडे लाल करून परत पाठवला. चूक काय, तर मी सगळीकडे "आम्ही" लिहिलं होतं. आम्ही तपासणी केली, आमच्या टीमने शोधलं, असं ठरवण्यात आलं. ती म्हणाली यात तू कुठे आहेस? तपासणाऱ्याला टीमचं काही देणंघेणं नाही, त्याला तू स्वतः काय केलंस ते हवंय.

आणि बाबा, मला ते लिहिताच येईना. तुम्ही आयुष्यभर "आमच्या सेक्शनने केलं" असंच सांगत आलात, स्वतःचं नाव कधी पुढे केलं नाहीत, मी तेच बघत मोठी झाले. प्रत्येक वाक्यात "मी" लिहायला लागलं तेव्हा दुसऱ्याचं श्रेय चोरल्यासारखं वाटायचं. एका एजंटने तर सांगितलं की तयार एपिसोड मिळतात, नाव आणि प्रोजेक्ट बदलून देतो. ते मी ऐकून सोडून दिलं. एक तर ते लोक नक्कल तपासतात, पकडलं तर अर्ज रद्द होतो आणि पुढे बंदीही येऊ शकते, आणि दुसरं म्हणजे मी जे काम केलंय ते दुसऱ्याने कशाला लिहायचं.

मग मी जुन्या डायऱ्या काढल्या. त्यातला एक प्रसंग तुम्हाला सांगते, कारण त्या रात्री मी घरी फोन उचलला नव्हता आणि आई काळजीत होती. एका सबस्टेशनचं काम होतं, ३३/११ केव्हीचं, आधी पॅनेलचं वायरिंग बदललेलं होतं. ट्रान्सफॉर्मर चार्ज केला, म्हणजे नुसता सप्लाय दिला, की नीट राहायचा आणि थोडा लोड घेतला की डिफरेन्शियल रिलेवर (आत बिघाड दिसला की ट्रान्सफॉर्मर बंद पाडणारं उपकरण) ट्रिप व्हायचा. सगळे म्हणत होते इनरश आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर जो मोठा करंट येतो तो, रिलेचं सेटिंग वाढवा आणि मोकळे व्हा. मला ते पटेना, कारण इनरश असता तर चार्ज करतानाच ट्रिप व्हायला हवा होता, चांगला पाच मिनिटं उभा राहून लोडवर कशाला पडेल? हा रिले आत जाणारा आणि बाहेर पडणारा करंट मोजतो, दोन्ही जुळले तर फरक शून्याच्या आसपास. मी रिलेच्या डिस्प्लेसमोर स्टूल घेऊन बसले, लोड हळूहळू वाढवायला सांगितला आणि आकडे डायरीत लिहीत गेले. पाच टक्के लोडला फरक दहा टक्के, दहाला वीस. बरोबर दुप्पट! म्हणजे वजाबाकी व्हायच्या जागी बेरीज होत होती, एका बाजूच्या सीटीची, म्हणजे रिलेला करंटचं माप देणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची, पोलॅरिटी उलटी लागलेली, दोन टोकं उलटसुलट. आमचं सेटिंग तीस टक्क्यांवर होतं म्हणून पंधरा टक्के लोड आला की ट्रिप. शटडाऊन घेऊन टर्मिनलवरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, परत लोड घेतला, फरक जवळपास शून्य. पहाटेचे पावणेचार वाजले होते, ते पण डायरीत लिहिलंय.

सगळ्यांचं ऐकून सेटिंग वाढवलं असतं तर पुढे कधीतरी आतमध्ये खरा फॉल्ट झाला असता तेव्हा त्या रिलेचा काय भरवसा. आणि हे मी शोधलं होतं बाबा. मी. वायरी दुसऱ्याने बदलल्या, शटडाऊन तिसऱ्याने घेतला, ते पण मी तसंच लिहिलंय, कोणाचं काही घेतलेलं नाही. पण आकडे लिहीत बसले होते ती मी होते. तो एपिसोड मी एका बैठकीत लिहून काढला, आणि नंतर बराच वेळ नुसतीच बसून राहिले. चौदा वर्षांत मी काय केलं हे मला कोणी असं विचारलंच नव्हतं, अप्रेजलमध्ये पण नाही. म्हणून तुम्ही अपमान वाटून घेऊ नका, मला आता तसं अजिबात वाटत नाही.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. हे सगळं मिळालं तरी तिथे मला घरातलं फिक्स वायरिंग स्वतःच्या हाताने करता येणार नाही, त्याला इलेक्ट्रिशियनचं वेगळं लायसन्स लागतं आणि त्या लोकांचं असेसमेंट पण वेगळीकडे होतं. आणि क्वीन्सलँडमध्ये राहिले तर डिझाईनचं काम स्वतःच्या जबाबदारीवर करायला इंजिनिअर म्हणून आणखी एक रजिस्ट्रेशन, त्याचा तिथे कायदाच आहे २००२ चा.

आई, तुझा प्रश्न, "म्हणजे व्हिसा झाला का?" नाही गं. हे झालं की फक्त रांगेत उभं राहता येतं. मग गुण मोजतात, किमान पासष्ट लागतात, वयाचे, शिक्षणाचे, अनुभवाचे, इंग्रजीचे, आणि तेवढे असले तरी बोलावणं येईलच असं नाही. घाई का करतेय ते पण सांगते, एकोणचाळीसपर्यंत वयाचे पंचवीस गुण असतात, चाळिशी लागली की पंधरा. मी आता छत्तीस. कदाचित दोन वर्षं लागतील, कदाचित होणारच नाही, किंवा मला टेक्नॉलॉजिस्टच्या वर्गात टाकतील. म्हणूनच सात महिने तुम्हाला बोलले नाही, उगाच आतापासून तुमची झोप जायला नको असं वाटलं. पण बाबांचा आवाज ऐकून कळलं की न सांगण्यानेच जास्त त्रास झाला. तुमच्या गुडघ्याचं आणि आईच्या शुगरचं काय करायचं, जायचं ठरलंच तर तुमचं कसं, यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. ते आपण तिघांनी बसूनच ठरवायचं, मी एकटी ठरवणार नाही, हे मात्र पक्कं.

आता काम. या अर्जाला मार्कशीट आणि डिग्रीच्या ओरिजिनलचा रंगीत स्कॅन लागतो, झेरॉक्सचा चालत नाही. बाबा तुम्ही मोबाईलवर काढून पाठवलेत त्यातले सात चांगले आलेत, पण पाचव्या सेमचा नाहीच आणि डिग्रीच्या फोटोवर तुमच्या हाताची सावली पडलीये, विद्यापीठाचा शिक्का दिसत नाही. दिवसा खिडकीजवळ ठेवून काढा, चारही कोपरे आले पाहिजेत, आणि लॅमिनेशन केलेलं असेल तर जरा तिरकं धरा म्हणजे चमकणार नाही. डिग्रीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट पण लागेल, ते आईच्या कपाटात साड्यांच्या खाली निळ्या फाईलमध्ये असावं. पाचव्या सेमची मार्कशीट बहुतेक त्याच फाईलमध्ये अडकलीये. नसली तर लगेच सांगा, विद्यापीठातून डुप्लिकेट काढायला वेळ लागतो. आणि वरच्या कप्प्यातलं काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, मी पुढच्या शनिवारी येतेच आहे, तेव्हा काढू.

तुमची,
मनू