पगारातून कापलेला कर आणि मिल्टन फ्रीडमन

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चांगलीच वैतागली होतीस. पहिला पगार, आणि हातात पडायच्या आधीच त्यातून कर वळता झालेला. वर म्हणालीस, "फ्रीडमन वाचायला घेतलाय, तो माझ्या बाजूचा आहे." मी हसले, तर फोन ठेवून दिलास. का हसले ते आता लिहिते. पगारातूनच कर कापून घ्यायची रीत अमेरिकेत ज्यांनी बसवली, त्यांत हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनही होता!

१९४१ ते १९४३ तो तिथल्या अर्थखात्यात नोकरीला होता. युद्धासाठी पैसा हवा होता आणि तोही लगेच. तोवर लोक यंदा कमवायचे आणि कर पुढच्या वर्षी भरायचे. त्याऐवजी मालकानेच दर पगारातून कापून सरकारकडे भरावा, असं ठरलं आणि १९४३ मध्ये तसा कायदा झाला. पुढे जन्मभर "सरकार फार फुगलंय" म्हणून भांडणाऱ्या माणसाचा त्या फुगण्याला असा हातभार लागला होता. आठवणींच्या पुस्तकात त्याने सरळ लिहिलंय, की बायको, रोझ, याबद्दल आपल्याला वर्षानुवर्षं टोकत आली. युद्धात दुसरा इलाज नव्हता, हेही सांगतो. पण ती पद्धत आता मोडता आली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

ही रोझही अर्थशास्त्रातलीच. १९३२ मध्ये शिकागो विद्यापीठात जेकब वायनरच्या वर्गात मुलांना आडनावांच्या अक्षरक्रमाने बसवलं होतं. ती डायरेक्टर, हा फ्रीडमन, मधे कोणी नाही. १९३८ मध्ये लग्न झालं. मुक्त बाजाराच्या एवढ्या मोठ्या पुरस्कर्त्याचं लग्न हजेरीपटाने जुळवलं, याची मला अजून गंमत वाटते.

तू त्याला 'श्रीमंतांचा वकील' समजून आवडून घेऊ नकोस आणि तसंच समजून टाकूनही देऊ नकोस. आईवडील हंगेरीतून आलेले, वडील गेले तेव्हा हा पंधरा वर्षांचा. आणि त्याचं खरं मोठं काम मला विचारशील तर १९६३ चं, ॲना श्वार्ट्झबरोबर लिहिलेला अमेरिकेच्या पैशाचा इतिहास. १९२९ नंतरची महामंदी म्हणजे बाजाराचं अपयश, असं तेव्हा बहुतेकांनी धरलेलं होतं. या दोघांनी आकडे मांडून दाखवलं, की १९२९ ते १९३३ या काळात देशातला पैसा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आटला. मी बँकेत जन्म काढला, म्हणून हे वाचताना पोटात गोळा आला. एक बँक बुडाली, की शेजारच्या बँकेतले ठेवीदार दाराशी रांग लावतात. रोकड द्यायची म्हणून ती बँक कर्जं परत मागते, नवी देत नाही, आणि खात्यांतला पैसा बघता बघता नाहीसा होतो. अशा वेळी रोकड पुरवायची ती मध्यवर्ती बँकेने. फेडरल रिझर्व्हने ती पुरेशी पुरवली नाही. २००२ मध्ये फ्रीडमनच्या नव्वदीच्या समारंभात त्याच बँकेचे बेन बर्नान्के यांनी जाहीरपणे चूक कबूल केली.

पण चिलीचं मला पचत नाही. १९७५ मध्ये तो तिथे गेला, हुकूमशहा पिनोशेला भेटला, महागाईवर सल्ला दिला. १९७६ मध्ये नोबेल घ्यायला गेला तेव्हा स्टॉकहोममध्ये निदर्शनं झाली. पुढे तो म्हणे, मी साम्यवादी चीनलाही हेच सांगितलं, तेव्हा कोणी ओरडलं नाही. मुद्दा चुकीचा नाही, पण लोक तुरुंगात असताना 'निवडीचं स्वातंत्र्य' हा शब्द तोंडात कसा येतो, हे मला कळत नाही. बाबा म्हणतात, सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर तपासतोच. आमचं यावर अजून मिटलेलं नाही.

माझी 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम'ची प्रत पाठवतेय, १९६२ चं पुस्तक. गरिबीवरचं प्रकरण आधी वाच. ठरावीक मर्यादेखाली कमाई असेल तर कर घ्यायच्या ऐवजी सरकारनेच उलट पैसे द्यावेत, असं तिथे हाच माणूस सांगतो. डॉक्टरांना परवान्याची सक्ती नको म्हणतो, तिथे समासात माझी दोन प्रश्नचिन्हं दिसतील. ती खोडू नकोस. पटलं नाही तर शेजारी लिही, शाईने.

तुझी,
आई