आबांची वही

प्रिय ठकू,

आठ महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. आबा गेले त्या रात्री तुझा फोन आला तेव्हा "झोपेतच गेले, त्रास झाला नाही" एवढंच बोलले. येईल त्याला तेच सांगत होते. तुला तेवढ्यावर बोळवलं, याची टोचणी तेव्हापासून आहे. आईची तब्येत बरी आहे. माझे गुडघे जसे होते तसेच. ते जाऊ दे.

आज लिहायला बसले कारण परवा आबांची काळी ट्रंक उघडली. आईच्या पेन्शनच्या कागदात तिच्या नावातलं एक अक्षर चुकलंय, म्हणून आबांचं फौजेतलं डिस्चार्ज बुक हवं होतं. दादानं त्यापायी चार खेपा घातल्यात. ट्रंकेत वर लष्करी जर्सी, तिच्याखाली मेस टिन, ब्रासोची वाळून गेलेली डबी, आणि फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली पदकं. त्यातलं 'पूर्वी स्टार' पदक अजून चकचकतंय. सव्वीस जानेवारीला ओसरीवर बसून ते घासायचे आणि आपल्या दोघींना फक्त बघायची परवानगी होती, हात लावायची नाही. तू एकदा लावलास, तर तुझ्या बोटाचा ठसा जाईपर्यंत पुन्हा घासत बसले होते.

तळाशी एक निळी वही निघाली. मला वाटलं, जमालपूरचं काही असेल. 71 च्या लढाईचं कुणी विचारायला आलं की आबा किती कमी बोलायचे, तुला माहीतच आहे. आबांची मराठ्यांची जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाठीमागं जाऊन बसली. शरण या म्हणून धाडलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कमांडरनं कागदात गोळी गुंडाळून उत्तर दिलं. 10 डिसेंबरच्या रात्री त्यांची बलुच पलटण ढाक्याच्या रस्त्यानं निसटायला निघाली ती थेट मराठ्यांच्या अंगावर आली. हे सगळं गावात इतर माजी सैनिक रंगवून सांगायचे. आबा पलटणीचे कमांडर ब्रार साहेबांचं नाव तेवढं घ्यायचे आणि मग एका म्हातारीचं सांगायचे, जिनं पदरातले चुरमुरे त्यांच्या हेल्मेटात ओतले होते. विशीतलं पोर, दोन दिवसांचं उपाशी. ढाक्यात पोचल्यावर काय वाटलं, असं मी विचारलं होतं, तर म्हणाले, "झोप आली."

पण वहीत यातलं काहीच नाही. वहीत छुट्ट्या आहेत गं.

मी जून 78 मध्ये जन्मले तेव्हापासून सप्टेंबर 86 ला आबा पेन्शनवर येईपर्यंतची प्रत्येक छुट्टी. कुठल्या तारखेला घरी आले, कुठल्या तारखेला सातारारोडला गाडीत बसले, किती दिवस झाले. पुढं दादाची आणि माझी उंची, विती न् बोटांत. "धाकटी साडेतीन वीत, दोन बोटं. जवळ येत नाही." पुढच्या छुट्टीत: "चौथ्या दिवशी आली." त्याच्या पुढच्या खेपेला: "पहिल्याच दिवशी आली. गूळ." आठवतं ना, येताना गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी आणायचे आणि एक तुझ्यासाठी वेगळी बांधलेली असायची. तुझीही उंची आहे वहीत, तीन ठिकाणी. पाठवते फोटो.

हे सगळं दौतीच्या शाईनं, पुसट झालेलं. शेवटच्या पानावर मात्र लाल बॉलपेननं हिशोब मांडलाय. धाकटीचे एकूण दिवस 3034. घरी 511. बाकी 2523.

आता तुला कळलं असेल मी तुलाच का लिहितेय.

96 चा जून. मी नर्सिंगला पुण्याला जाते म्हणत होते, आबा नको म्हणत होते. तू सुपात शेवया घेऊन दारात उभी होतीस. आणि मी म्हणाले, "आठ वर्षं कुठं होता तुम्ही? आता कशाला हुकूम सोडताय?" आबा काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले. तू सूप खाली ठेवलंस आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मला तेव्हा तुझा राग आला होता, की माझी मैत्रीण असून आबांची बाजू घेते. तुझे वडील पलटणीतून परत आलेच नाहीत आणि मी मात्र आलेल्या बापाला असं बोलले, हे मला कळायला माझी पोरं व्हावी लागली. तेव्हा माफी मागायची राहिली. आता मागते.

पाचव्या दिवशी आबांनीच माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन एसटीवर चढवली. मग दर महिन्याला पहिल्या गाडीनं भाकऱ्या घेऊन हॉस्टेलच्या दाराशी हजर. साडेनऊ म्हटलं की साडेनऊ. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे वडील आले, घड्याळं लावून घ्या. मिलिटरी कॅन्टीनच्या सामानातला चांगला साबण न चुकता माझ्याकडं यायचा. रमच्या कोट्यावर डोळा ठेवून येणाऱ्या आमच्या मामांना कधी एवढं मिळालं नाही.

वहीत लाल हिशोबाखाली तेच आहे. "पुणे, 1 दिवस. पुणे, 1 दिवस. तापात, 3 दिवस." समोर "जमा". असं पाच पानं, माझ्या लग्नापर्यंत. मांडवाचे दिवससुद्धा धरलेत, 6. पुढं काही नाही, बेरीजही नाही.

ठकू, मी रात्रभर त्या लाल आकड्यांकडं बघत होते. पेन्शनवर आल्यावर बँकेच्या दारावर बंदूक घेऊन आठ-आठ तास उभं राहायचं, आणि सुट्टीचा एकच वार मिळायचा तो माझ्यासाठी एसटीत घालवायचा, हे ते प्रेमानं करत होते असं मी आजवर धरून चालले. त्यात माझ्या बोलण्याचं कर्ज फेडणं किती होतं? दादा म्हणतो, आबांना प्रत्येक गोष्टीचा हिशोब लिहायची सवयच होती, दुधाचासुद्धा लिहायचे. असेल. पण दुधाच्या हिशोबात "चौथ्या दिवशी आली" असं कोण लिहितं? आईला विचारायचा धीर होत नाही. ती वही बघून नुसता हात फिरवते आणि परत ठेवते.

म्हणून तुला विचारते. मी आबांना तसं बोलले त्या रात्री तू आमच्याकडंच झोपली होतीस, माझ्याकडं पाठ करून. पहाटे तू पाणी प्यायला उठलीस आणि परत आल्यावर आईला म्हणालीस, "आबा जागेच आहेत." मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते. ते तेव्हा काय करत होते? दिवा लावला होता का? हातात काही होतं का? नीट आठवून सांग. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस.

तुझ्या लेकीला नोकरी लागल्याचं दादाकडून कळलं, फार आनंद झाला. तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? घराचं गिलावा-काम संपलं असेल आता.

पौषात वर्षश्राद्ध आहे. माजी सैनिक मंडळी बेरेट घालून येणार आहेत, गेल्या वेळेसारखीच. तू आदल्या दिवशीच ये, मुक्कामाला. वही तुझ्या हातात द्यायची आहे, तोवर ट्रंकेला कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे.

तुझीच,
धाकटी