वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी तुमच्या गाळ्यात दगड कापायच्या यंत्राचं हिऱ्याच्या कणांचं ब्लेड घेऊन आले होते ती ‘हे ब्लेड संपलं, नवीन कुठे मिळेल’ एवढंच विचारायला. अकीक (अगेट, पट्ट्यापट्ट्यांचा कठीण दगड) कापताना ते नुसतं घासत होतं, दगड तापत होता, चकती एका कडेला जाड आणि दुसरीकडे पापडासारखी निघत होती. विक्रेत्यानं थेट १४ इंची ब्लेडचं मोठं यंत्र घ्या म्हणून सांगितलं होतं. मी कर्जाची चौकशीही करून आले होते.

तुम्ही ब्लेडच्या कडेवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, “गुळगुळीत झालंय गं, मेलेलं नाही.” त्याच संध्याकाळी विटेचा तुकडा घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात. पाणी चालू ठेवून विटेत चार-पाच काप घेतले आणि पाचव्या कापाला आवाजच बदलला. मग समजावलंत: कापतो तो हिरा, पण त्याला धरून ठेवणारा धातू थोडा थोडा झिजत राहिला तरच आतले नवे कण वर येतात. अकीक इतका घट्ट आणि बारीक पोताचा, की त्यावर तो धातू झिजत नाही, हिऱ्यांवर सारवल्यासारखा बसतो. वीट मऊ पण खरखरीत, ती त्याला खरवडते. दोन वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तोवर मी दोन चांगली ब्लेडं भंगारात दिली होती.

चकती वाकडी का निघते तेही तुम्हीच शोधलंत. ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्लँजवर दगडाच्या भुकटीच्या वाळलेल्या गाळाचा कण चिकटला होता, तेवढ्यानं ब्लेड डुलत होतं. आणि ओबडधोबड दगड मी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात तसाच आवळत होते. तुम्ही लाकडाच्या पाचरी ठोकून दाखवल्यात. काप चालू असताना दगड हलला तर ब्लेड वाकून त्याची ताटली होते, हे तुमचं वाक्य मी व्हाइसवर खडूनं लिहून ठेवलंय.

मोठं यंत्र घेतलं नाही, काका. ब्लेडच्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच दगड कापता येतो, हा तुमचा हिशेब धरून १० इंची घेतलं. माझे दगड मुठीएवढेच असतात. त्यात आता ब्लेड थंड ठेवायला पाण्याऐवजी मिनरल तेल आहे. फिरोज्यासारखे तेल पिणारे दगड जुन्या ६ इंची यंत्रावर पाण्यात कापते, आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून ब्लेड कोरडं फिरवते. पूर्वी रात्रभर पाणी तसंच राहायचं, सकाळी ब्लेडला गंजाची चंद्रकोर दिसायची.

गाळ वाळू देत नाही, झाडू तर वापरतच नाही. दगडाच्या धुळीनं छाती गेलेल्या तुमच्या सोबत्याची गोष्ट सांगताना तुम्ही मध्येच थांबला होतात. त्यानंतर मदतीला येणाऱ्या दोन्ही मुलींना मी मास्कशिवाय यंत्राजवळ उभं राहू देत नाही, ओलं काम असलं तरी.

त्या संध्याकाळचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. विटेच्या पाचव्या कापानंतर लगेच कापलेली अकीकाची चकती मी पॉलिश करून ठेवली आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातलाच दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळीत साचलेला. राखाडी पट्ट्यांमध्ये एक दुधी रेघ आहे, दोन्ही कडांना जाडी अगदी सारखी. रविवारी घरी घेऊन येते. आणि नव्या यंत्राच्या बेअरिंगचा आवाज एकदा येऊन ऐकाल का? तुमच्यासारखा कान मला अजून आलेला नाही.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली दगडवाली