तासांचा हिशेब लागतो, पाठाचा लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन शिक्षक प्रशिक्षणाची बातमी आली की तिच्यात नोंदणी किती झाली आणि प्रमाणपत्रे किती मिळाली एवढेच असते. तालुक्याच्या गावी बी.एड.च्या मुलामुलींना शिकवताना मला जे दिसते, ते त्या आकड्यांत येत नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या सत्रातले दोन सराव पाठ सांगते. वर्ग सातवीचा, घटक हवेचा दाब. पहिल्या छात्राध्यापिकेने प्रोजेक्टरवर नऊ मिनिटांचा व्हिडिओ लावला. व्हिडिओ चांगलाच होता. मुले गप्प बसली, ही भिंतीला टेकून उभी राहिली. संपल्यावर ‘समजलं का?’ आणि एका सुरात ‘होऽ बाई’. पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आखणीत, शैक्षणिक साहित्यासमोर एकच शब्द : व्हिडिओ.

दुसऱ्याने आदल्या रात्री अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून केलेली खेळणी पाहिली होती आणि त्यावरून त्याला बाटलीतला फुगा सुचला होता. वर्गात मात्र त्याने मोबाइल खिशातून काढलाच नाही. प्लास्टिकची बाटली, बुडाजवळ तापवलेल्या खिळ्याने पाडलेले भोक, फुगा आत सोडून त्याचे तोंड बाटलीच्या तोंडावर ओढून बसवलेले. त्याने फुगा बाटलीतच फुगवला, भोकावर बोट दाबले आणि ओठ बाजूला घेतले. फुग्याचे तोंड सताड उघडे, तरी फुगा टम्म! ‘आता बोट काढलं तर?’ एवढे विचारून तो थांबला. पुढची दहा मिनिटे मुलेच बोलत होती. एकाने तर फुगा बाटलीला चिकटलाय असे छातीठोक सांगितले, आणि ते खोडून काढायला मागच्या बाकावरची मुलगी फळ्याजवळ आली.

दोघांचाही स्रोत ऑनलाइनच होता. पण माझ्या हातातल्या निरीक्षण पत्रिकेत ‘तंत्रज्ञानाचा वापर’ असा रकाना आहे, आणि त्या रकान्याच्या भाषेत पहिलीला जास्त गुण पडतात. माझे दुखणे ते हे आहे.

साहित्याची वाण नाही. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाची व्याख्याने २००३ पासून तयार होत आहेत. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे ‘स्वयम’ आले, त्याच वर्षी शिक्षक दिनी शाळा-शिक्षकांसाठीचे ‘दीक्षा’. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. मराठी विश्वकोश तर घरबसल्या फुकट वाचता येतो, तरी माझे विद्यार्थी शोधात पहिले जे दिसेल ते उचलतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून करायची मुभा दिली, आधी ती २० टक्के होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे.

अपेक्षा रास्त आहे. पण आपल्याकडे तास म्हटले की हजेरीपट आला. ‘निष्ठा’ हे सरकारी शिक्षक प्रशिक्षण ऑनलाइन झाले तेव्हा ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षिकेचा मोबाइल ओट्यावर चालू असायचा आणि त्या पोळ्या लाटत असायच्या. त्यांना मी नावे ठेवत नाही. दिवसभर शाळा, वर सर्वेक्षणे, आणि प्रमाणपत्र कधी टाकता म्हणून व्हॉट्सॲप गटावर रोजचा तगादा. मी स्वतः एक अभ्यासक्रम दुप्पट वेगाने पळवत संपवला आहे. आज त्यातले दोन मुद्दे विचारले तर सांगता येणार नाहीत. ‘एनपीटीईएल’च्या अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के गुण असतात. स्वाध्यायांची उत्तरे टेलिग्रामवर फिरतात, हे विद्यार्थ्यांनीच मला दाखवले. परीक्षा आहे म्हणून निदान तिथे थोडी धार आहे. शिक्षक प्रशिक्षणात तीही नाही, कारण त्याची खरी परीक्षा वर्गात असते आणि वर्गात कोणी डोकावत नाही.

मराठीचा प्रश्न वेगळाच. ‘स्वयम’वरचे बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत. आमच्याकडची मुले मराठी माध्यमातली, मराठी शाळांतच शिकवायला जाणार. इंग्रजी व्याख्यान ऐकून त्याचे मराठीत, तेही सातवीच्या मराठीत, करणे हे सोपे काम नाही. हे काम बी.एड.मध्येच शिकवले पाहिजे.

संबंधितांकडे मागणी साधी आहे. त्या ५० तासांतले निदान दहा तास वर्गावर धरा. शिक्षकाने ऑनलाइन जे पाहिले त्यातून एक पाठ घ्यावा, शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने मागे बसून तो पाहावा आणि दोघांनी अर्धा तास बोलावे. याला नवे ॲप लागत नाही. (लागेलच, असे कोणीतरी म्हणेल.)

मी यंदा छात्राध्यापकांकडून एक जास्तीचे काम करून घेते. एका घटकासाठी तीन स्रोत शोधायचे, त्यातले दोन नाकारायचे आणि का नाकारले ते टाचणात लिहायचे. परवा एकीने लिहिले होते : ‘निवेदक भरभर बोलतो. त्याच्या उदाहरणात लिफ्ट आहे. आमच्या शाळेतल्या मुलांनी लिफ्ट पाहिलेली नाही.’ टाचणाच्या छापील नमुन्यात यासाठी रकाना नाही, त्यामुळे गुणही नाहीत. समासात पेन्सिलीने लिहून घेते.

आपली,
एक वाचक
(अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापिका)